मशीनच्या पॅनलला टचस्क्रीन घेताना काय बघायचं?



वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून शिरड शहापूर भागातही हळदीवर गावातच प्रक्रिया करायची चर्चा वाढली आहे. काही सभासद ड्रायर, ग्रेडिंग मशीन, दालमिलची कोटेशनं घेऊन येतात. त्यात एक ओळ हमखास असते: "टचस्क्रीन पॅनलसह". ही ओळ नीट तपासा. ऐन हंगामात स्क्रीन बंद पडली तर मशीन उभं, अंगणात हळदीचा ढीग, आणि वर अवकाळीचे ढग!

*1) आधी ठरवा, स्क्रीन लागते का?*
पॉलिशच्या ड्रमला एकच मोटर असते. त्याला स्टार्टर आणि हिरवं-लाल बटण पुरतं. तिथे स्क्रीनवर पैसे घालू नका. जिथे चार-पाच मोटरी ठराविक क्रमाने चालवायच्या आहेत किंवा तापमान-वेळ सेट करायची आहे (ड्रायर, दालमिल, कलर सॉर्टर), तिथे स्क्रीनचा खरा उपयोग आहे.

*2) साधा टॅब किंवा घरगुती मॉनिटर नको*
कारखान्यासाठीच्या स्क्रीनला 'एचएमआय' म्हणतात. ती बहुतेक 24 व्होल्ट डीसीवर चालते आणि पॅनलच्या दारात घट्ट बसते. टॅब स्वस्त दिसतो, पण धूळ, हादरे आणि दिवसभराची उष्णता यासाठी तो बनवलेला नसतो.

*3) टचचे दोन प्रकार*
👉 *रेझिस्टिव्ह:* दाबल्यावर चालतो. हातमोजे असोत की हळदीने माखलेलं बोट, काम होतं. पण वरचा थर प्लास्टिकचा असतो, टोकदार वस्तूने ओरखडे पडतात.
👉 *कपॅसिटिव्ह:* मोबाईलसारखा. काच मजबूत, चित्र स्वच्छ. पण जाड हातमोज्याला बहुतेक वेळा दाद देत नाही आणि पाण्याचे थेंब पडले तर चुकीचा टच लागू शकतो.
आपल्या शेडमधल्या कामाला रेझिस्टिव्ह सोयीचा. आकार 7 इंच पुष्कळ झाला.

*4) धूळ आणि ऊन*
कोटेशनमध्ये 'आयपी 65' लिहिलंय का बघा. यातला 6 म्हणजे धूळ आत जात नाही, 5 म्हणजे पाण्याचा फवारा सहन होतो. पण हे बहुतेक वेळा फक्त समोरच्या बाजूला लागू असतं. मागची बाजू उघडीच असते. म्हणून पॅनलच्या दाराचं रबर आणि केबल आत जाते तिथली भोकं बंद पाहिजेत.
बऱ्याच स्क्रीन 50 अंशांपर्यंतच चालतात. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे बाहेरच 40 च्या वर जातं, पत्र्याच्या शेडखाली बंद पेटीत त्याहून जास्त. पॅनल सावलीत, भिंतीजवळ, ड्रायरपासून लांब लावा. उन्हात ठेवलं तर स्क्रीन दिसणारही नाही.

*5) लाईटचा भरवसा नाही, म्हणून*
स्क्रीनला वेगळा एसएमपीएस द्या. विजेच्या झटक्यापासून संरक्षण करणारं उपकरण (एसपीडी) आणि चांगलं अर्थिंग करून घ्या. मोटरची केबल आणि स्क्रीनची केबल एकाच पाईपातून ओढू देऊ नका. मोटरला ड्राइव्ह असेल तर त्याच्या त्रासाने स्क्रीनवरचे आकडे चुकू शकतात किंवा संपर्क तुटू शकतो.

*6) बंद करायचं बटण स्क्रीनवर नको* ⚠️
हात पट्ट्यात अडकला तर स्क्रीनवर पान शोधायला वेळ नसतो. मोठं लाल, दाबलं की अडकून राहणारं इमर्जन्सी बटण वेगळ्या वायरिंगने, हाताशी पाहिजेच. बॉयलर असेल तर प्रेशर गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्हसुद्धा स्वतंत्र. स्क्रीनवरच्या आकड्याच्या भरवशावर बॉयलर चालवू नका.

*7) सगळ्यात महत्त्वाचं: प्रोग्राम कुणाकडे?*
नवी एचएमआय कोरी असते. तुमच्या मशीनची पानं मशीनवाला त्यात भरतो. उद्या स्क्रीन जळाली तर नवी विकत मिळेल, पण प्रोग्राम नसेल तर ती भिंतीवरच्या पाटीसारखी. मशीनवाल्याने फोन उचलला नाही की हंगाम गेला. म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी ही यादी हातात घ्या:
✅ एचएमआय आणि पीएलसी दोन्हींचे प्रोग्राम, पेन ड्राइव्हवर
✅ पासवर्ड, लेखी
✅ वायरिंगचा नकाशा
✅ स्क्रीनची कंपनी आणि मॉडेल नंबर
✅ ऑटो/मॅन्युअल स्विच, म्हणजे स्क्रीन बंद असतानाही मशीन हाताने चालेल
✅ पानं मराठीत. मशीन चालवणाऱ्याला वाचता आलं पाहिजे

स्क्रीन बंद करून मॅन्युअलवर मशीन चालवून दाखवायला सांगा. तुमच्यासमोर, तुमच्या माणसाच्या हाताने.

पीएमएफएमई योजनेत 35 टक्के अनुदान धरलं तरी बाकीचे 65 टक्के आपल्याच खिशातून किंवा कर्जातून जातात. मोठी रंगीत स्क्रीन बघून मशीन पसंत करू नका, वरची यादी बघून करा.

कोटेशन आलं असेल तर सही करण्याआधी त्याचा फोटो याच नंबरवर टाका किंवा झेरॉक्स घेऊन ऑफिसला या. बसून एकेक ओळ बघू.

— कृषी सल्ला विभाग