न पाठविलेलीं पत्रें

पत्र हें दुसऱ्यास पोंचावें म्हणूनच लिहावयाचें असतें, असा आपणां सर्वांचा समज. परंतु आपल्याच महाराष्ट्रांत, अहमदनगरच्या म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यांत, एका थोर लेखकानें आपल्या विद्वान् मित्रास पत्रांमागून पत्रें लिहिलीं आणि बंदिवासांत असतां त्यांतील एकहि टपालांत टाकलें नाहीं. ती हकीगत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस फार दिवस वाटत होतें.

मौलाना अबुल कलाम आझाद हे त्या वेळीं काँग्रेसचे अध्यक्ष. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस 'छोडो भारत'चा ठराव झाला, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटेंच पुढाऱ्यांना पकडून आगगाडीनें नगरास आणण्यांत आलें. पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशी ती मंडळी. पत्रें लिहावयाचीं तीं जवळच्या आप्तांसच, आणि तींहि घरगुती मजकुराचीं, असा निर्बंध. तेव्हां मौलानांनीं अलीगढकडील आपले जुने स्नेही नबाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांस उद्देशून लिहावयास आरंभ केला. शेरवानी हे जुन्या हस्तलिखितांचे मोठे संग्राहक. 'सदीक-इ-मुकर्रम', म्हणजे सन्माननीय मित्र, या संबोधनानें पत्रास प्रारंभ व्हावयाचा.

कालिदासाचा यक्ष आम्हांस येथें आठवतो. अचेतन मेघ निरोप नेईल कीं नाहीं, याचा विचार त्यानें केला नाहीं. ज्यास विरह घडला आहे त्यास बोलल्यावांचून राहवत नाहीं, हेंच खरें.

या पत्रांत राजकारण शोधूं गेल्यास निराशा होईल. पहांटेच्या अंधारांत उठून स्वतः केलेला, दूध न घातलेला चिनी चहा, ईश्वरविषयक चिंतन, तरुणपणीं शिकलेली सतार, असे त्यांतील विषय. खोलीच्या छतांत घरटीं करणाऱ्या चिमण्यांचें प्रकरण तर मुलांस वाचून दाखवावें असें आहे. मौलानांनीं प्रथम त्यांच्याशीं युद्ध पुकारलें, हार खाल्ली, मग तांदुळाचे दाणे टाकून तह केला. शेवटीं त्या चिमण्या त्यांच्या तळहातावर येऊन बसूं लागल्या!

परंतु एका पत्रापाशीं हंसूं मावळतें. १९४३ सालीं पत्नी झुलेखाबेगम कलकत्त्यास अत्यवस्थ असल्याचें कळलें. सरकारास विनंती करावयाची असल्यास ती पुढें पाठवूं, असें तुरुंगाधिकाऱ्यानें सुचविलें. मौलानांनीं नकार दिला. ९ एप्रिलला मृत्यूची वार्ता आली. मनांतील वादळ चेहऱ्यावर दिसूं नये म्हणून नित्यक्रम मोडावयाचा नाहीं, यासाठीं त्यांनीं किती कष्ट घेतले, हें त्यांनीं सांगितलें तें या मित्रासच. किल्ल्याच्या आवारांत कोणा अज्ञाताची एक जुनी कबर होती; ती त्या दिवसापासून त्यांस निराळीच भासूं लागली. जें शेजारच्या खोलींतील सोबत्यांस सांगवलें नाहीं, तें दूरच्या स्नेह्यास सांगतां आलें.

सुटकेनंतर १९४६ सालीं हीं पत्रें 'गुबार-ए-खातिर' या नांवानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं व उर्दू गद्याचें भूषण ठरलीं. शेरवानींचा ग्रंथसंग्रह आज अलीगढ विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे, आणि त्या ग्रंथालयाचें नांव मौलाना आझाद ग्रंथालय. दोघे मित्र असे अखेर एका छताखालीं आले!

आतां एक घरची गोष्ट. आमचे एक सहाध्यापक निवृत्तीनंतर कोंकणांत आपल्या गांवीं जाऊन राहिले. त्यांचें आठ पानी पत्र आलें. सवडीनें सविस्तर उत्तर लिहूं, म्हणून आम्ही तें फडताळांत ठेवलें. चार महिन्यांनीं त्यांच्या चिरंजीवांचा दूरध्वनि आला, आणि उत्तर घेणारा उरला नाहीं असें कळलें. त्या रात्रीं बसून आम्ही तें उत्तर लिहिलें. तें अद्यापि त्याच फडताळांत आहे.

मौलानांचीं पत्रें गेलीं नाहींत, कारण किल्ल्याच्या दारावर पहारा होता. आमच्या दारावर कोणता पहारा होता?