गाडी सुरू होत नाही? आधी कारण शोधा!



मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. खामगाव-मलकापूरच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा कामगार असो, चिखलीच्या बाजारात भाजी नेणारे जोडपे असो की तापाने फणफणलेल्या लेकराला रात्री मेहकरच्या दवाखान्यात नेणारा बाप असो, सर्वांची मदार गाडीवरच. ती अडली की हजेरी बुडते.

अशा वेळी कोणी म्हणतो, नजर लागली. मग हँडलला लिंबू-मिरची! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या घेणाऱ्यांच्या घरात हे शोभते काय? दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्यासाठी मार्ग आहे, ही तथागतांची शिकवण. बंद गाडीलाही हीच रीत लावा.

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवेत मिसळलेले पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलेंडरमधील दाब. यातील एक जरी कमी पडली तरी गाडी सुरू होत नाही.

प्रथम बिनखर्चाच्या गोष्टी पाहाव्यात. हँडलवरचे लाल बटण बंद तर नाही? टाकीत पेट्रोल आहे काय? जुन्या गाडीचा कॉक चालू आहे काय? गाडी न्यूट्रलमध्ये आहे काय? अनेक नव्या गाड्या साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की बंद पडतात, हेही ध्यानात ठेवावे. बुलडाण्याच्या थंडीत सकाळी कार्बोरेटरच्या गाडीला चोक द्यावा लागतो.

बटण दाबल्यावर नुसती कटकट झाली आणि दिवा मंदावला, तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या तारा सैल आहेत. काहीच हालचाल नसेल तर फ्यूज पाहावा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा, तार गुंडाळू नये. तारेने गाडी पेटू शकते.

यानंतर इंजिन थंड असताना प्लग काढावा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर ओव्हरफ्लो झाले आहे. तो कोरडा करून बसवावा, चोक बंद करावा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून चार-सहा किक माराव्यात. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. काजळी धरली असेल तर ब्रशने साफ करावा. प्लग काढलेला असताना जवळ विडी-काडी पेटवू नये.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर आपल्याकडच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. यात चावी फिरवताच पंपाचा बारीक घूं असा आवाज येतो. तो आला नाही तर फ्यूज किंवा पंप बिघडलेला असू शकतो. इंजिनाचा दिवा विझत नसेल तर यंत्र लावून तपासणारा मिस्त्री गाठावा. अंदाजाने तारा ओढू नयेत.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण नीट लावावे आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये. किक एकदम सैल जात असेल तर दाब गेला आहे. ते काम मात्र गॅरेजचेच.

काय तपासले, काय आढळले, हे मिस्त्रीला सांगावे आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा. कारण माहीत असणाऱ्याला कोणी सहसा फसवत नाही.

शेवटचे सांगणे असे की, प्लग-पाना फक्त मुलाच्या हाती देऊ नका. कामाला, कॉलेजला मुलगीही जाते. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक गाडी उभी करा आणि मुला-मुलींना प्लग काढून दाखवा. कारण शोधण्याची सवय लागली की हँडलवरची लिंबू-मिरची आपोआप उतरेल.

जयभीम! नमो बुद्धाय!