‘-कडून’ : घरबसल्या पुनर्विक्रीचे शब्द आणि हिशेब

सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील गाव. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्थानक आणि साकोलीहून देवरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ही त्याच्या दळणवळणाची दोन अंगे होत. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा स्वतंत्र होण्यापूर्वी हा सर्व प्रदेश भंडारा जिल्ह्यात मोडत असे; भाषेच्या दृष्टीने तो झाडीबोलीचा प्रदेश होय. या भागात बाहेरचा माल गावात येण्याचे मार्ग पूर्वीपासून ठरलेले आहेत : आठवडी बाजार, गाठोडे घेऊन फिरणारा कापडविक्या, बांगड्यांचा कासार, आणि दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडई. गेल्या दशकात त्यांत आणखी एका मार्गाची भर पडली. घरी बसलेली एखादी गृहिणी भ्रमणध्वनीवर मालाची चित्रे परिचितांस दाखविते, मागणी नोंदविते, आणि माल दुरून थेट ग्राहकाच्या दारी येतो. या व्यवहारास ‘रिसेलिंग’ म्हणतात. मराठीत त्यास पुनर्विक्री म्हणता येईल. त्यातून नियमित उत्पन्न मिळते काय, आणि मिळत असल्यास ते नेमके कशाचे मोल असते, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

प्रथम व्यवहाराची रचना पाहू. आंतरजालावरील व्यापार भारतास नवा नाही. मुंबईत सन २००० मध्ये सुरू झालेले ‘बाझी’ हे संकेतस्थळ अमेरिकेच्या ‘ईबे’ने २००४ मध्ये विकत घेतले. तेथे विक्रेत्याजवळ माल असणे अभिप्रेत होते. विदित आत्रेय व संजीव बर्नवाल यांनी २०१५ मध्ये बंगळूर येथे स्थापिलेल्या ‘मीशो’ने ही अटच काढून टाकली. या नावाची व्युत्पत्तीही बोलकी आहे : ‘मेरी शॉप’ या दोन शब्दांचे ते संक्षिप्त रूप होय. पुरवठादाराचे चित्र व किंमत कंपनी देई; पुनर्विक्रेती त्यावर आपली वाढ लावून ते चित्र व्हॉट्सअ‍ॅपद्वारे पाठवी; ग्राहकाने माल घेऊन पैसे दिले की, परतीची मुदत संपल्यावर ती वाढ तिच्या बँकखात्यात जमा होई. भांडवल नको, वखार नको, दुकान नको, हे या पद्धतीचे आकर्षण होते. तिचा पाया होता स्वस्त झालेले आंतरजाल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर ते खेड्यांच्या आवाक्यात आले.

येथे परिभाषेचा पहिला पेच उभा राहतो. या वाढीस ‘मार्जिन’ म्हणतात, तर कोणी तिला ‘कमिशन’ किंवा ‘नफा’ म्हणतात. हे तीन शब्द समानार्थी नाहीत. नफा त्याचा, ज्याचा माल. कारण तोटाही त्याचाच. कमिशन, अर्थात् दलाली, ही दोन पक्षांस जोडून दिल्याबद्दलची मजुरी. ‘दलाल’ हा अरबी शब्द मुळात ‘वाट दाखविणारा’ या अर्थाचा आहे. पुनर्विक्रेतीचा माल स्वतःचा नसतो, म्हणून तिची प्राप्ती काटेकोर अर्थाने नफा नव्हे. परंतु दलाल सौदा जुळताच बाजूला होतो, तसे तिला होता येत नाही. याचे कारण मराठीच्या एका शब्दयोगी अव्ययात सापडते.

‘मी ही साडी तिच्याकडून घेतली’ या वाक्यात ‘-कडून’ हे वस्तू कोठून आली ते दर्शविते. ‘तिच्याकडून चूक झाली’ या वाक्यात तेच अव्यय कृतीचा कर्ता, म्हणजे उत्तरदायी व्यक्ती दर्शविते. उगम आणि उत्तरदायित्व या दोन्ही अर्थांस मराठीने एकच रूप दिले आहे, आणि गावातील व्यवहार या व्याकरणाशी तंतोतंत जुळतो. पावतीवर पुरवठादाराचे नाव असते; तो सुरतेस असेल वा अन्यत्र. कायद्याच्या दृष्टीने विक्रेता तोच. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम २०२० यांनुसार सदोष अथवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्याचे नाकारता येत नाही, आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन एका महिन्यात तिचे निवारण करावयाचे असते. परंतु साडीचा रंग पहिल्या धुण्यातच गेला, तर शेजारीण त्या अधिकाऱ्यास पत्र लिहीत नाही. साडी ‘हिच्याकडून’ घेतली होती, एवढेच तिला ठाऊक असते. कायद्याचा विक्रेता एक आणि समाजाचा विक्रेता दुसरा, असे हे द्वैत आहे. पुनर्विक्रेतीस मिळणारी वाढ हे वस्तुतः या ‘-कडून’चे मोल होय.

हे विधान कितपत खरे आहे, याची कसोटी त्या व्यवसायाच्या पुढील इतिहासात लागली. सन २०२१ च्या सुमारास मीशोचा भर पुनर्विक्रेतीवरून थेट ग्राहकाकडे वळला. तेच चित्र आणि मूळ किंमत ग्राहकाच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीवर दिसू लागली. जिची सेवा केवळ चित्र पुढे पाठविण्यापुरती होती, तिच्या वाढीस मग आधार उरला नाही. जी माल पारखून सांगत होती, तिच्याजवळ मात्र विकण्यासारखे काही शिल्लक राहिले.

ही पारख बव्हंशी भाषिक आहे. मालाचे वर्णन इंग्रजीत अथवा यंत्राने केलेल्या भाषांतरात येते. त्यात ‘आर्ट सिल्क’ हा शब्द वारंवार आढळतो. यातील ‘आर्ट’चा कलेशी संबंध नाही, कृत्रिम या अर्थाच्या ‘आर्टिफिशिअल’ या शब्दाचा तो तुकडा होय. भंडारा-गोंदिया हा कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा प्रदेश. करवतकाठी साडीची कीर्ती याच परिसरातील. तेथील स्त्रीस ‘सिल्क’ म्हणून कृत्रिम धाग्याचे वस्त्र मिळाले, तर ती ते हातात घेताच ओळखते आणि परत करते. तसेच ‘फ्री साइज’ याचा अर्थ कोणासही येईल असा नसून एकाच मापात उपलब्ध असा आहे. रंगांची नावे तर आणखी सैल असतात. प्रमाण मराठीतील ‘काळा’, ‘पिवळा’ हे शब्द झाडीबोलीत ‘कारा’, ‘पिवरा’ असे उच्चारले जातात. ‘ळ’च्या स्थानी ‘र’ आणि ‘ण’च्या स्थानी ‘न’ ही त्या बोलीची ठळक खूण. ग्राहकाच्या या बोलीत, तिच्या ओळखीच्या वस्तूंशी तुलना करून माल समजावून देणे, आणि ‘हे रेशीम नव्हे’ असे आधीच सांगून टाकणे, हेच पुनर्विक्रेतीचे खरे काम ठरते. त्यामुळे एखादी मागणी बुडते, परंतु परतीचे प्रमाण घटते.

परतीस एवढे महत्त्व का, हे एका कल्पित हिशेबावरून स्पष्ट होईल. समजा, एका महिन्यात ४० साड्यांची मागणी आली. प्रत्येकीची मूळ किंमत ४०० रुपये आणि वाढ ६० रुपये. वरवर पाहता प्राप्ती २,४०० रुपये. पैकी १० साड्या परत गेल्या. उरलेल्या ३० साड्यांवर १,८०० रुपये मिळाले. आता त्या तिसांतील ५ साड्यांचे पैसे ग्राहकांजवळ नव्हते, म्हणून पुनर्विक्रेतीने प्रत्येकी ४६० रुपये स्वतः भरून त्या सोडवून घेतल्या आणि उधारीवर दिल्या. ही रक्कम २,३०० रुपये होते. म्हणजे वहीत १,८०० रुपयांची मिळकत, आणि हातात ५०० रुपयांची तूट! उलाढाल, मिळकत आणि रोकड या तीन शब्दांतील भेद ज्या घरात पाळला जात नाही, तेथे व्यवसाय चालू असल्याचा भास होत राहतो आणि घरखर्चाचा पैसा त्यात मुरत जातो.

उधारीचा हा प्रश्न आळसाचा वा अप्रामाणिकपणाचा नसून ऋतुचक्राचा आहे. झाडीपट्टीतील कुटुंबाची रोकड धानाच्या कापणीनंतर येते, आणि धान आधारभूत खरेदी केंद्रावर दिल्यास रक्कम खात्यात जमा होईपर्यंत थांबावे लागते. पुढे उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने यांचा थोडा आधार मिळतो. पेरणी-रोवणीच्या दिवसांत हात रिकामा असतो. मागणीही याच चक्राने चालते : दिवाळी, मंडई, नाटकांचा हंगाम, लग्नसराई. यास्तव ‘नियमित उत्पन्न’ या शब्दप्रयोगातील ‘नियमित’ म्हणजे दरमहा सारखे असा अर्थ घेणे येथे चुकीचे ठरेल. हंगामात मिळालेल्या वाढीचा काही भाग आषाढ-श्रावणासाठी बाजूस काढणे आणि उधारीस आधीच मर्यादा घालणे, या दोन उपायांनीच त्यास नियमितता येऊ शकते. बचत गटात ज्यांनी नोंदवही ठेवली आहे, अशा स्त्रियांना ही शिस्त अपरिचित नाही.

ज्या पुनर्विक्रेतीस पुढे स्वतः माल विकत घेऊन स्वतःच्या नावे विकावयाचा असेल, तिची कायदेशीर स्थिती बदलते; आता ती दोन्ही अर्थांनी विक्रेती होते. पूर्वी ई-वाणिज्य कंपनीमार्फत वस्तू विकणाऱ्यास, उलाढाल कितीही अल्प असली तरी, वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणपणे सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या आतच विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यास त्यातून सूट मिळाली. महाराष्ट्रात वस्तूंसाठी ही मर्यादा वार्षिक ४० लाख रुपयांची आहे. मात्र कराच्या संकेतस्थळावरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आमगाव वा देवरीपलीकडे छत्तीसगडची किंवा गोंदियापलीकडे मध्य प्रदेशची हद्द अगदी जवळ असल्याने, ‘राज्याच्या आत’ ही अट या जिल्ह्यात विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शेवटी ‘घरबसल्या’ या शब्दाविषयी. घरी बसून, श्रमाविना, असा त्याचा ध्वनी आहे, आणि फसवणुकीच्या जाहिराती नेमक्या याच ध्वनीवर जगतात. काम देण्यापूर्वी नोंदणी शुल्क, अनामत किंवा प्रशिक्षणाचे पैसे मागणारा विक्रीचे काम देत नसून स्वतःच काही विकत असतो, एवढे जाणले तरी पुष्कळ हानी टळेल. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. पुनर्विक्री घरातून होते हे खरे. परंतु तीत बसणे फारसे नसते. माल पारखणे, तो बोलीत समजावणे, परतीचा पाठपुरावा करणे, उधारी मागताना नाते न दुखावणे, हे सर्व श्रमच होत. कंपनीच्या हिशेबात त्यांस रकाना नाही. तो पुनर्विक्रेतीने स्वतःच्या वहीत आखला पाहिजे. तसे केल्यास साठ रुपयांत आपण काय विकतो आणि कोणत्या वेळी ते विकू नये, हे तिला निश्चित सांगता येईल.