मुंबईच्या किनाऱ्यावर बसून काढलेलीं चित्रें : वेल्स व डॅनिएल

सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें जें एकत्र चित्र इतिहासविषयक पुस्तकांतून वारंवार छापलें गेलें आहे, त्याचा कर्ता जेम्स वेल्स हा आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. परंतु पुण्याच्या दरबारांत पाऊल ठेवण्यापूर्वीं हाच वेल्स मुंबई बेटाच्या टेंकड्यांवर कागद मांडून समुद्राकडे पाहत बसत असे, आणि पुढें थॉमस डॅनिएल व त्याचा पुतण्या विल्यम हे मुंबईस आले तेव्हां तो त्यांचा वाटाड्या व सोबती झाला, ही गोष्ट तितकीशी ध्यानांत घेतली जात नाहीं. जुन्या मुंबईचें कोणतेंहि रंगीत चित्र हातीं आलें कीं त्याखालीं 'डॅनिएल' असें नांव घालून मोकळें व्हावयाचें, अशी एक रूढि पडून गेली आहे. अशा चित्राचा पुरावा म्हणून उपयोग करावयाचा असेल, तर तें जागेवर बसून काढलेलें मूळ आहे, कीं त्यावरून मागाहून तयार केलेली नक्कल आहे, हें आधीं ठरविलें पाहिजे. कागदपत्रांच्या बाबतींत अस्सल व नक्कल यांतील भेद आपण डोळ्यांत तेल घालून पाहतों. चित्रांच्या बाबतींतच तो कां सोडून द्यावा?

वेल्स हा स्कॉटलंडांतील पीटरहेडचा. जन्म 1747. तो 1791 सालीं मुंबईस उतरला व 1795 च्या नोव्हेंबरांत साष्टीच्या मुलखांत मृत्यु पावला. म्हणजे त्याचें या देशांतील सारें काम चार वर्षांचें. डॅनिएल चुलतेपुतणे 1785 सालीं इंग्लंडाहून निघाले, चीनवरून 1786 सालीं कलकत्त्यास पोंचले, आणि उत्तर व दक्षिण हिंदुस्थान पालथा घालून 1793 च्या मार्चांत मुंबईस आले. मे महिन्यांत त्यांनीं मुंबई सोडली. चुलता तेव्हां चाळिशी ओलांडलेला, पुतण्या 24 वर्षांच्या आसपासचा. या अल्प अवधींत वेल्सनें त्यांस घारापुरी, कान्हेरी, कार्ले वगैरे लेणीं दाखविलीं. पावसाळ्यापूर्वींचे हे दिवस होत, हें चित्रांतील डोंगरांच्या रंगाचा विचार करतांना विसरूं नये. चैत्र-वैशाखांत बंदरापलीकडील डोंगर धुरकट दिसतात. ते आश्विनांतल्यासारखे स्वच्छ रेखलेले आढळले, तर तें काम जागेवरचें नसून मागाहूनचें असावें, असा आमचा तर्क होतो.

वेल्सनें 1791 व 1792 या दोन वर्षांत घेतलेले मुंबई बेटाचे 12 देखावे त्याच्या मृत्यूनंतर, 1800 सालीं, लंडनांत प्रसिद्ध झाले. मलबार टेंकडी, माझगांवच्या टेंकडीवरील बेलमाँट बंगला, शीवचा किल्ला, महालक्ष्मी व वरळी यांमधील बांध, बंदर, घारापुरी हे त्यांतील विषय. आज या जागा ओळखतां येतील, पण देखावा उरलेला नाहीं. हॉर्नबी गव्हर्नराच्या नांवानें ओळखला जाणारा वरळीचा बांध वेल्सच्या वेळीं नवा होता; शीवच्या किल्ल्यावरून साष्टीकडे पाहतां मध्यें खाडी होती, कारण तेथील बांध-रस्ता डंकन गव्हर्नराच्या कारकीर्दींत, म्हणजे 1795 नंतर झाला. कुलाब्याचा बांध-रस्ता 1838 सालचा, माहीम-वांद्र्याचा 1845 सालचा. सेंट थॉमस देवळाचा उंच मनोराहि 1838 सालींच उठला, आणि कोटाच्या भिंती पाडण्याचें काम 1862 पासून पुढें झालें. तारीख नसलेलें मुंबईचें चित्र हातीं आल्यास प्रथम ह्या खुणा पाहाव्या. ज्यांत उंच मनोरा आहे, तें चित्र वेल्सचें किंवा डॅनिएलांच्या मुंबईतील मुक्कामांतील असणें शक्य नाहीं, मग खालीं कोणीं कांहींहि लिहिलेलें असो.

घारापुरीची गोष्ट विशेष महत्त्वाची. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं त्या बेटास 'एलेफंटा' हें नांव दिलें, तो हत्ती उतरण्याच्या जागेजवळ उभा असे. त्याची मान व डोकें 1814 सालीं निखळून पडलें. 1864 सालीं अवशेष मुंबईस राणीच्या बागेंत आणले गेले, व 1914 सालीं ते पुन्हा जोडण्यांत आले. यामुळें 1814 पूर्वीं प्रत्यक्ष पाहून काढलेलें हत्तीचें कोणतेंहि रेखाटन, तें कितीहि ओबडधोबड असो, जोडकामानंतरच्या सुबक छायाचित्राहून अधिक मोलाचें होय.

आतां ही मंडळी काम कशी करीत, तें पाहूं. डॅनिएल 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हणजे अंधारी पेटी वापरीत. पेटीच्या तोंडाशीं भिंग, आंत तिरपा आरसा. समोरच्या देखाव्याची छाया वर ठेवलेल्या कांचेवर किंवा कागदावर पडते, आणि ऊन अडविण्यासाठीं डोक्यावरून कापड ओढून घेऊन तिच्यावरून पेन्सिलीनें रेषा ओढावयाची. मागाहून बाह्यरेषेंत पाणरंगाचे हात भरावयाचे. देऊळ, तट, किनाऱ्याची वळणें, डोंगरांच्या माथ्यांची रेघ यांस ही युक्ति उत्तम. कारण तीं हालत नाहींत. पण गलबतें, नाखवे, लाटा, ढग हे स्थिर राहणारे नव्हेत. ते आठवणीनें किंवा दुसऱ्या कागदावरील टिपणावरून घातले जातात. एकाच कागदावर दोन दर्जांचा पुरावा असतो तो असा. किनाऱ्याच्या रेषेवर भरंवसा ठेवावा. पुढच्या बाजूस नेमकी जेथें हवी तेथेंच येऊन उभी राहिलेली होडी मात्र साक्षीदार म्हणून बोलावूं नये.

सोबतीनें काम केल्याचा संशोधकास मोठा फायदा असा कीं, एकाच ठिकाणाचीं निरनिराळ्या हातांचीं रेखाटनें मिळाल्यास पोथीच्या दोन प्रति लावाव्या तशीं तीं ताडून पाहतां येतात. दोघांत जें समान, तें तेथें होतें असें समजावें. जेथें भेद आहे, तेथें मात्र घाई करूं नये. मुंबईच्या बंदरांत उधाणाच्या वेळीं भरती व ओहोटी यांच्या पातळींत 12 ते 15 फुटांचें अंतर पडतें. सकाळीं जेथें होड्या तरंगत होत्या, तेथें दुपारीं चिखल व खडक उघडे पडतात. तेव्हां एका चित्रांत पाण्याची पट्टी रुंद व दुसऱ्यांत अरुंद दिसली म्हणून एकास खोटें ठरविण्याचें कारण नाहीं.

सोबतीचा तोटाहि आहे. चुलत्यानें रेषा ओढावी व पुतण्यानें रंग भरावा, असें जेथें वर्षानुवर्षें चालत होतें, तेथें 'हात कोणाचा' हा प्रश्न पुष्कळदां निरर्थक ठरतो. त्यांनीं स्वतःहि 'ओरिएंटल सीनरी' या 144 चित्रांच्या संग्रहांत (1795 ते 1808) दोघांचीं नांवें पुढें केलीं आहेत.

हा संग्रह म्हणजेच आमच्याकडे 'डॅनिएलचीं चित्रें' म्हणून फिरणाऱ्या बहुतेक पानांचा मूळ उगम. पण तीं पानें म्हणजे छाप आहेत. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवावयाची, उजळ ठेवावयाचे भाग रोगणानें झांकावयाचे, पत्रा तेजाबांत पुनःपुन्हा बुडवून छटा गडद करीत जावयाचें, आणि निघालेला ठसा हातानें रंगवावयाचा, अशी ही कृति. तीं लंडनांत, समुद्र दृष्टीआड झाल्यावर कित्येक वर्षांनीं झालीं. पत्र्यावर चित्र उलटें कोरावें लागतें, हेंहि ध्यानांत ठेवावें; डावें-उजवें बदललेलें नाहीं ना, याची खात्री जागेवर जाऊनच करावी. जागेवरच्या टिपणांवरून केवढी इमारत उभारीत, याचें एक उदाहरण पुण्याचेंच आहे. 1790 सालच्या तहाच्या प्रसंगाचें, मॅलेट व पेशवे यांच्या दरबाराचें भव्य तैलचित्र 1805 सालीं थॉमस डॅनिएलनें पुरें केलें. तें आज लंडनच्या टेट संग्रहांत आहे. डॅनिएल त्या दरबारास हजर नव्हता. आधार वेल्सच्या अभ्यासचित्रांचा, आणि वेल्सहि तहाच्या वेळीं हिंदुस्थानांत आलेला नव्हता.

सुट्या कागदाची परीक्षा करतांना तो उजेडाकडे धरून जलचिन्ह पाहावें. 1794 पासून इंग्रजी कागदांत वर्षाचा आंकडा सर्रास येऊं लागला. असा आंकडा असलेला कागद डॅनिएलांच्या 1793 मधील मुंबईच्या फेरींतला असूं शकत नाहीं.

शेवटीं आमच्याच एका मनुष्याबद्दल. मॅलेटनें पुण्यास शनिवारवाड्यांत जी चित्रशाळा काढविली, तींत तयार झालेला गंगाराम चिंतामण तांबट हा वेल्सच्या हाताखालीं लेण्यांचीं चित्रें काढीत असे. रॉबर्ट मेबन हा दुसरा सहाय्यक. वेल्सनंतर डॅनिएलनें वेरूळच्या 24 देखाव्यांचें पुस्तक 1803 सालीं काढलें, त्याच्या मुखपृष्ठावर रेखाटनांचा कर्ता म्हणून वेल्सचें नांव आहे. गंगारामाचें नाहीं. वेल्सची दैनंदिनी व या तिघांच्या कागदांचा मोठा संग्रह येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रांत सुरक्षित असल्यामुळें गंगारामाचा हात आतां ओळखतां येतो. येथील एखाद्या जुन्या बाडांत लेण्याचें किंवा खाडीचें निनांवी रेखाटन असल्यास, मालकानें त्याच्या कडा छाटण्यापूर्वीं किंवा पाठीवर नवा कागद चिकटविण्यापूर्वीं मागील बाजूचीं पेन्सिलीचीं अक्षरें, मोडी असोत वा इंग्रजी, जशीच्या तशीं उतरून घ्यावीं.