गंजाखालचं मीठ

ॲम्स्टरडॅमच्या पूर्वेला अगदी खेटून असलेल्या डीमन गावाच्या उत्तरेला डीमरझेडाइक नावाचा जुना बांध आहे. कित्येक शतकं या बांधानं झाउडरझे या खाऱ्या उपसागराचं पाणी अडवून धरलं. मे १९३२मध्ये आफ्स्लाउटडाइक हा महाबांध पुरा झाला, उपसागराचं तोंड बंद झालं आणि काही वर्षांत आतलं पाणी गोडं झालं. त्यामुळे आज डीमनमध्ये कुणी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची मोटार हौसेनं जपत असेल, तर तिच्या पत्र्याला लागणारं मीठ बव्हंशी समुद्राचं नसतं, रस्त्यावरचं असतं. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून तिथे मीठ टाकतात. चाकांनी उडवलेलं ते खारं पाणी गाडीच्या पोटातल्या फटींमध्ये, दाराखालच्या पोकळ पट्ट्यांमध्ये आणि मडगार्डच्या दुमडीत जाऊन बसतं. घरच्या घरी गंज दुरुस्त करायला घेणारे हौशी लोक मात्र आपली बहुतेक मेहनत समोर दिसणाऱ्या तांबड्या थरावर खर्च करतात. ग्राइंडर फिरवायचा, पॉलिश पेपर मारायचा, बाटलीतलं रसायन लावायचं आणि वर रंग द्यायचा. दोन हिवाळ्यांत त्याच जागी रंगाला पुन्हा फोड येतो. तो येतो कारण तांबडा थर हा घडून गेलेल्या गोष्टीचा अवशेष आहे. घडवणारं मीठ आणि ओल त्याच्याखाली तशीच राहिलेली असते.

हे समजून घ्यायला केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात केलेला एक साधा प्रयोग पुरेसा आहे. लोखंडाचा पत्रा घासून लखलखीत करायचा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. पाण्यात दोन द्रव्यं आधीच मिसळलेली असतात. एक लोखंड विरघळलं की निळं होतं, दुसरं अल्कली तयार झाली की गुलाबी होतं. सुरुवातीला थेंबाखाली निळे-गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतात. थोड्या वेळात चित्र बदलतं. थेंबाचा मध्य निळा होतो, कड गुलाबी होते आणि दोहोंच्या मध्ये तपकिरी कडं उमटतं. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असल्यानं तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्यावर तो पोचत नाही. या फरकामुळे एका थेंबात एक छोटा विद्युतघट तयार होतो. जिथे ऑक्सिजन कमी, तिथलं लोखंड विरघळतं. त्याचे इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी मिळून ते वापरून टाकतात. गंज तयार होतो तो या दोन जागांच्या मधोमध. म्हणजे पत्रा खाल्ला जातोय एकीकडे आणि गंज दिसतोय दुसरीकडे. गाडीच्या बाबतीत याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे: उघड्यावर दिसणाऱ्या डागापेक्षा जिथे हवा कमी पोचते अशी फट, सांधा, चिखलाखालचा कोपरा जास्त वेगानं पोखरला जातो.

या घटाला पूर्ण व्हायला पाण्याची वाट लागते, आणि इथे मीठ दोन कामं करतं. पहिलं, ते पाण्यातून विजेचा प्रवाह सुलभ करतं. दुसरं काम अधिक घातक आहे: ते पाणी धरून ठेवतं. स्वच्छ लोखंड हवेत कधी झपाट्यानं गंजू लागतं हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांनी १९३०च्या दशकात तपासलं. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली आणि हवेत प्रदूषण असलं की गंजाचा वेग एकदम उडी घेतो, असं त्यांना आढळलं. मीठ असेल तर हा उंबरठा मिठाच्या जातीप्रमाणे बदलतो. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःहून पाणी शोषून ओलं होतं. रस्त्यावर काही ठिकाणी वापरलं जाणारं कॅल्शियम क्लोराइड तर ३० टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. डीमनच्या परिसरात हिवाळ्यातली हवा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे नोव्हेंबरात पोकळ पट्टीत शिरलेलं खारं पाणी मार्चपर्यंत वाळतच नाही. बाहेरून गाडी कोरडी दिसते, आत मात्र घट चालूच असतो. शिवाय क्लोराइड या प्रक्रियेत खर्च होऊन संपत नाही. ते लोखंडाबरोबर तात्पुरतं जोडलं जातं, पुन्हा सुटतं आणि पुन्हा कामाला लागतं. समुद्रतळातून काढलेल्या लोखंडी तोफा आणि तोफगोळे संग्रहालयांत कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं अल्कलीच्या पाण्यात बुडवून ठेवतात ते हे क्लोराइड बाहेर खेचून काढण्यासाठीच. तसं न करता तोफगोळा नुसता वाळवला, तर तो तडकतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात.

इथे पहिला आक्षेप येतो: मग बाजारात मिळणारी 'रस्ट कन्व्हर्टर' द्रावणं कशासाठी असतात? त्यांचं रसायन खरं आहे, आणि आपल्याकडे ते जुनंही आहे. फॉस्फोरिक आम्लाची द्रावणं गंजाचं रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करतात, टॅनिनची द्रावणं लोहाच्या टॅनेटमध्ये. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला हिरडा टॅनिननं भरलेला असतो. हिरड्याच्या पाण्यात हिराकस टाकली की गडद काळा रंग उतरतो, आणि गंजलेला पत्रा बाटलीतल्या द्रावणानं काळा पडतो तोही याच रसायनामुळे. पण हे द्रावण पृष्ठभागावरच्या पातळ गंजापर्यंतच पोचतं. जाड थराच्या तळाशी, म्हणजे जिथे क्लोराइड असतं तिथपर्यंत, ते जात नाही. आणि गेलं तरी क्लोराइडचं काही बिघडवत नाही. सपाट, उघड्या, नीट धुतलेल्या जागी मी ते जरूर वापरायला सांगेन. पोकळ पट्टीत ओतून निश्चिंत होणाऱ्याला नाही.

फॉस्फेटच्या बाजूनं दिल्लीच्या लोहस्तंभाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. चौथ्या-पाचव्या शतकातला तो स्तंभ अजून टिकून आहे, आणि त्याच्या लोखंडातल्या जास्तीच्या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर संरक्षक फॉस्फेटचा थर तयार झाला असं आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं. पण त्याच स्तंभाचा जमिनीत गाडलेला भाग गंजलेला होता हे कमी वेळा सांगितलं जातं. लोखंड तेच, फॉस्फरस तोच. वर मोकळी, बहुतांश कोरडी हवा आणि खाली ओलसर माती, एवढाच फरक. जुन्या गाडीचा कुठला भाग स्तंभाच्या वरच्या भागासारखा आहे आणि कुठला खालच्या, हे पाहूनच काय लावायचं ते ठरवावं.

दुसरा आक्षेप विजेच्या पेट्यांचा. गाडीला एक छोटं यंत्र जोडा, ते बॅटरीतून पत्र्यात प्रवाह सोडेल आणि गंज थांबेल, असा दावा करणारी उपकरणं गेली कित्येक दशकं विकली जाताहेत. त्यामागचं तत्त्व खरं असल्यामुळे ते पटतं. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड व जस्ताचे तुकडे जोडून तांबं वाचवता येतं हे सिद्ध केलं होतं. डीमनजवळून जाणाऱ्या, १९५२मध्ये सुरू झालेल्या ॲम्स्टरडॅम-ऱ्हाइन कालव्यात फिरणाऱ्या पोलादी नौका आणि आसपासच्या कालव्यांतल्या तरत्या घरांचे पोलादी तळ आजही याच तत्त्वावर वाचवले जातात. खाऱ्या पाण्यात जस्ताचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे ठोकळे तळाला बसवतात. ते ठोकळे झिजतात, पोलाद वाचतं. पण हे जमतं कारण नौकेचा संपूर्ण तळ आणि तो ठोकळा एकाच अखंड पाण्यात बुडालेले असतात. गाडीच्या पत्र्यावर पाणी असतं ते तुटक थेंबांचं. एका थेंबातून दुसऱ्यापर्यंत प्रवाह जायला वाटच नसते. दाराखाली अडकलेल्या ओलीला बॉनेटमधल्या पेटीचा काही उपयोग नाही.

मग घरी करायचं काय? आधी उघडायचं. जिथे रंगाला फोड आहे तिथला पत्रा टोकदार वस्तूनं दाबून पाहायचा. दाबला गेला तर तो भाग कापूनच काढायचा. निरोगी, चमकदार धातू लागेपर्यंत कापत जायचं. भोकावर वरून नवा पत्रा चिकटवायचा मोह इथे आवरला पाहिजे. मुंबईच्या टॅक्सी-गॅरेजांमध्ये पद्मिनी मोटारींच्या तळाला असे पॅच मारून, वर लांबी (पुट्टी) भरून गाड्या वर्षानुवर्षं चालवल्या गेल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या त्या गाड्या ऑक्टोबर २०२३पर्यंत टॅक्सी म्हणून धावल्या, आणि त्या कारागिरांची हातोटी वादातीत आहे. पण जुन्या पत्र्यावर नवा पत्रा बसला की दोहोंच्या मध्ये एक फट राहते, आणि इव्हान्सच्या थेंबानं दाखवल्याप्रमाणे फट म्हणजे कमी ऑक्सिजनची, म्हणजेच पोखरली जाणारी जागा. मिठाच्या रस्त्यावर असा पॅच आपल्या शेजारचाच पत्रा खातो. म्हणून नवा तुकडा कडेला कड भिडवून, मोजून कापून बसवावा. लांबीलाही तोच नियम: सरळ केलेल्या घन पत्र्यावरचे खोलगट भाग भरायला ती उत्तम, भोक बुजवायला मुळीच नाही.

कापल्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्या दुरुस्तीचं यश तिच्यावरच असतं. पोकळीत गरम पाणी सोडून अनेकदा धुवायचं. नळाच्या पाण्यातही थोडं क्लोराइड असतं, म्हणून शेवटची धुणी बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याची करायची. बाहेर येणारं पाणी एका स्वच्छ काचेच्या भांड्यात घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकला, तर पाणी दुधाळ होतं का ते पाहायचं. दुधाळ झालं की क्लोराइड अजून आत आहे, पुन्हा धुवायचं. पूल आणि जहाजं रंगवणारे व्यावसायिक रंग देण्याआधी पृष्ठभागावरचं मीठ मोजतात, त्याचंच हे घरगुती रूप. मग गरम हवेनं लगेच वाळवायचं, कारण उघडा धातू ओला राहिला तर तासाभरात त्यावर तांबूस छटा येते. त्यानंतर जस्ताचा किंवा इपॉक्सीचा प्रायमर, मग रंग. पोकळीच्या आत रंग पोचत नाही. तिथे मेणाचा किंवा मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिनचा फवारा द्यायचा. हे द्रव्य सरकत सरकत सांध्यांत शिरतं आणि पाण्याला बाहेर ढकलतं. १९७०च्या दशकात गाडीच्या तळाला डांबरासारखा जाड थर देण्याची पद्धत होती. तो थर कडक होऊन तडकतो, तड्यांमधून पाणी शिरतं आणि मागे अडकून बसतं. अशा गाडीचा तळ वरून काळाभोर, ठणठणीत दिसतो आणि आतून पोखरलेला असतो. तो खरवडून काढावाच लागतो. दारांच्या आणि पट्ट्यांच्या तळाला कारखान्यानं ठेवलेली पाणी निचरण्याची भोकं तारेनं मोकळी करणं हे दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता वर कितीही महाग मेण मारलं तरी आत पाणी साठतच राहील.

हे सगळं घरी करावं का, हाही प्रश्न रास्त आहे. दारं, मडगार्ड, डिकीचा तळ इथपर्यंत जरूर करावं. चाकांची सांगड, सीटबेल्टच्या पकडी, चौकटीचे भार पेलणारे भाग मात्र अनुभवी वेल्डरकडे द्यावेत. डच वाहनतपासणीत अशा भागांवरचा गंज काटेकोरपणे पाहिला जातो, पण पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ही तपासणी बंधनकारक नाही. त्यामुळे त्या गाड्यांच्या मालकांची जबाबदारी उलट वाढते. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी काढणं, जस्ताचा थर असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना धूर टाळणं आणि दोन घटकांचा रंग बंद गॅरेजमध्ये फवारण्याचा मोह आवरणं, या गोष्टींत हौसेला सूट नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं. शेंदरी प्रायमर असेल तर तो कोरडा घासू नये.

गॅरेज गरम ठेवलं की गाडी सुरक्षित राहते, हा समज डीमनसारख्या हवेत सर्वांत महागात पडतो. तापमान वाढलं की रासायनिक वेग वाढतो; साधारण दहा अंशांनी तो दुपटीच्या आसपास जातो. मीठ लागलेली ओली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवणं म्हणजे थंडीत मंद चाललेल्या घटाला वेग देणं. आधी धुवावी, मग हवा खेळती ठेवावी, जमल्यास आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली आणावी. ऊब नसली तरी चालेल.

मिठापासून बचावाच्या बाबतीत डच करनियमांनी नकळत जुन्या गाड्यांवर उपकार केला आहे. २०१४पासून चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना रस्ताकर माफ आहे. १९८८पूर्वीच्या, पण अजून चाळिशी न गाठलेल्या पेट्रोल गाड्यांना पाव कर भरून चालवता येतं, मात्र अट अशी की डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीत गाडी रस्त्यावर आणायची नाही, तिथे उभीही करायची नाही. हेतू करवसुलीचा होता. पण हेच तीन महिने मिठाचे असल्यानं हजारो गाड्यांचा पत्रा वाचला असणार, असं मला रसायनावरून वाटतं. २०२८पर्यंत या गटातल्या शेवटच्या गाड्याही चाळिशी गाठतील, कर शून्य होईल आणि जानेवारीत गाडी बाहेर काढायला कायद्याची आडकाठी उरणार नाही. ज्यांनी पोकळ पट्ट्या कापून, धुऊन, मेण भरून नव्यानं बसवल्या आहेत, त्यांनी तरी हिवाळ्याची ती सुट्टी स्वतःहून पाळावी आणि शेवटचं मीठ पडल्यानंतर दोन-तीन मुसळधार पावसांनी रस्ते धुऊन निघेपर्यंत गाडीची किल्ली खुंटीवरच राहू द्यावी.