विश्लेषण : पोट फुगले म्हणजे ‘गॅस’च असतो का?

जेवण झाल्यावर पोट तट्ट झाले की घराघरांत निदान ठरलेले असते, ‘गॅस झालाय’. मग ओवा, लिंबू-सोडा, नाही तर कपाटातली ‘पित्ताची’ गोळी. बहुतेक वेळा पोट आपसूक उतरते आणि श्रेय गोळीला जाते. प्रत्यक्षात पोट फुगण्याची बरीच कारणे आम्लाशी संबंधितच नाहीत. काही कारणे तर अशी आहेत, की त्यांना ‘गॅस’ म्हणून मोडीत काढणे महागात पडते.

वायू येतो कोठून?

थोडी हवा जेवताना गिळली जाते. घाईने जेवणे, जेवताना अखंड बोलणे आणि शीतपेये यांनी ती वाढते. बाकीचा वायू मुख्यतः मोठ्या आतड्यात तयार होतो. लहान आतड्यात न पचलेली कर्बोदके तेथे पोहोचतात आणि जिवाणू ती आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन बाहेर पडतो. हा आजार नव्हे. निरोगी माणूसही दिवसातून दहा-वीस वेळा वायू सोडतो.

वाल, पावटा, हरभरा, राजमा यांना ‘वातूळ’ म्हटले जाते, त्यामागेही हेच आहे. या कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा असतात आणि त्या तोडणारे विकर माणसाच्या आतड्यात नसते. कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी ओतून दिले आणि ताज्या पाण्यात शिजवले, तर या शर्करांचा काही भाग निघून जातो. मोड आणल्यास त्या आणखी घटतात. ‘सत्त्व जाते’ म्हणून भिजवलेले पाणीच वापरण्याचा सल्ला समाजमाध्यमांवर फिरतो. ज्यांचे पोट फुगते त्यांनी तो मनावर घेऊ नये.

कांदा-लसूणही कारण असू शकते?

हो, आणि ते सहसा ध्यानात येत नाही. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन नावाची कर्बोदके असतात. तीही लहान आतड्यात पचत नाहीत. अशा सर्व आंबणाऱ्या कर्बोदकांना मिळून ‘फॉडमॅप’ म्हणतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी ही संकल्पना आणि त्यावरचा आहार विकसित केला. चातुर्मासात कांदा-लसूण सोडल्यावर काहींना पोट हलके वाटते, तो अनुभव निराधार म्हणता येणार नाही. अर्थात त्याच दिवसांत उपासाच्या नावाखाली तळण आणि शेंगदाण्याचे कूट वाढले, तर हिशेब बरोबरीत सुटतो.

दुधाचेही असेच आहे. लहानपणानंतर अनेकांत दुग्धशर्करा पचवणारे विकर कमी होते. अशांना पेलाभर दूध सोसत नाही, पण दही किंवा ताक बऱ्याचदा चालते.

वायू फारसा नसूनही पोट का फुगते?

बार्सिलोनातील संशोधकांनी पोट फुगण्याची तक्रार असलेल्यांचे सीटी स्कॅन तपासले, तेव्हा अनेकांच्या आतड्यात वायू जेमतेमच वाढलेला आढळला. बदल स्नायूंत होता. एरवी पोटात भर पडली की श्वासपटल वर सरकते आणि पोटाचे स्नायू आवळतात. या रुग्णांत उलट घडत होते. श्वासपटल खाली येत होते, पोटाचे स्नायू सैल पडत होते आणि पोट पुढे येत होते. शिवाय काहींचे आतडे इतके संवेदनशील असते, की नेहमीएवढा वायूही त्यांना असह्य वाटतो. म्हणून ‘तपासण्यांत काहीच निघाले नाही’ याचा अर्थ ‘त्रास मनाचा आहे’ असा काढणे चुकीचे आहे.

सोडा, गोळी आणि हिंग किती उपयोगी?

सोड्याची जठरातील आम्लाशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ढेकर येतो तो त्याचाच. मोठ्या आतड्यातल्या वायूला सोडा पोहोचतही नाही. त्यातल्या सोडियममुळे रक्तदाबाच्या रुग्णांनी तो रोज घेणे तर टाळावेच. पँटोप्रॅझोलसारख्या गोळ्या आम्ल कमी करतात, वायू नव्हे. जळजळ नसेल तर त्या महिनोन् महिने घेण्यात अर्थ नाही. हिंग-ओव्याने अनेकांना आराम वाटतो आणि फोडणीपुरते ते निर्धोक आहेत. मात्र बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. ग्लुटेन वर्ज्य असलेल्यांनी वेष्टन वाचावे.

मग करायचे काय?

दोन आठवडे काय खाल्ले आणि पोट केव्हा फुगले, याची वहीत नोंद ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. संशयित पदार्थ एकेक करून थांबवावा आणि पुन्हा खाऊन पाहावा. कमी फॉडमॅपचा काटेकोर आहारही दोन ते सहा आठवड्यांपुरताच, शक्यतो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली घ्यायचा असतो. तो कायम पाळला तर आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे खाद्यच तुटते. बद्धकोष्ठता असेल तर आधी तिच्यावर उपचार हवेत. कोंडा, इसबगोल, कोशिंबिरी एकदम वाढवल्या तर त्रास वाढतो. प्रमाण हळूहळू चढवावे. जेवणानंतर आडवे होण्याऐवजी पंधरा मिनिटे चालावे.

मधुमेहींनी औषधांकडेही पाहावे. व्होग्लिबोज, अकार्बोज ही औषधे कर्बोदकांचे पचनच मंदावतात, त्यामुळे वायू होणारच. मेटफॉर्मिननेही काहींचे पोट बिघडते. गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

थांबू नये, असे केव्हा?

वजन घटणे, शौचात रक्त, वारंवार उलट्या, रक्तक्षय किंवा झोपेतून उठवणारी पोटदुखी यांपैकी काही असेल तर तपासणी लांबवू नये. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार विशेष महत्त्वाची. स्त्रियांत सतत पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे आणि वारंवार लघवी ही अंडाशयाच्या कर्करोगाचीही लक्षणे असतात. महिन्यात बाराहून अधिक वेळा असे होत असेल तर, विशेषतः पन्नाशीपुढील स्त्रियांची, सीए १२५ ही रक्तचाचणी करावी, असे ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था सांगते. ती वाढलेली असल्यास सोनोग्राफी केली जाते.

दुसरा धोका काही मिनिटांचा असतो. छातीच्या खालच्या भागात किंवा पोटाच्या वरच्या बाजूला दाब, सोबत घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. मधुमेही आणि स्त्रियांत छातीत दुखण्याची तक्रार काही वेळा ठळक नसते. अशा वेळी सोडा घेऊन ढेकराची वाट पाहू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजी काढावा.