अबोल उमेदवार आणि स्वभावचाचणीचा शिक्का

"मुलगी हुशार आहे, पण फार अबोल, सेल्सला नाही चालणार." मुलाखतीनंतर असा शेरा सहज मारला जातो आणि एक चांगली उमेदवार हातची जाते. ॲडम ग्रँट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका कॉल सेंटरमधल्या ३४० विक्रेत्यांनी केलेली विक्री तपासली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वाधिक विक्री मधल्या स्वभावाच्या लोकांची निघाली. अतिबोलके अबोलांच्या फारसे पुढे नव्हते.

दुसरा गैरसमज चार अक्षरांच्या शिक्क्याचा. मायर्स-ब्रिग्ज चाचणी रचणाऱ्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल यांनी मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. ही चाचणी माणसांना 'अंतर्मुख' किंवा 'बहिर्मुख' यांसारख्या चार जोड्यांतल्या एकेका कप्प्यात टाकते आणि प्रत्येक कप्प्याचं एक अक्षर देते. प्रत्यक्षात बहुतेक जण मध्याच्या आसपासच असतात. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की अनेकांचा शिक्का बदलतो. भरतीसाठी ती वापरू नये, असं प्रकाशकच सांगतात. तरीही कुणी तिच्या आधारे उमेदवार नाकारत असेल, तर तो सरळ अन्याय आहे.

मग स्वभावाचा कामाशी संबंधच नाही का? आहे. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नेटानं, जबाबदारीनं काम करण्याचा गुण त्यांनी पाहिलेल्या सगळ्या व्यवसायगटांत उपयोगी दिसला. बहिर्मुखतेचा थोडा उपयोग होता, पण विक्री आणि व्यवस्थापनातच.

मात्र तो गुणही किती सांगतो? कामगिरीशी त्याचा सहसंबंध साधारण ०.२. म्हणजे दोघांपैकी ज्याचे या गुणात अंक जास्त, तोच कामात सरस ठरेल, असं शंभरातल्या छप्पन्न वेळा घडेल. नाणं उडवलं तरी पन्नास वेळा बरोबर येतंच! शिवाय चाचणीतल्या "तुम्ही कामं वेळेवर संपवता का?" अशा प्रश्नाला नोकरीची गरज असलेला माणूस 'नाही' कशाला म्हणेल?

मग उमेदवार पारखायचा कसा? सगळ्या उमेदवारांना कामाशी निगडित तेच प्रश्न आणि आधीच ठरवलेली गुणांकनाची पट्टी, अशा मुलाखतीचा कामगिरीशी सहसंबंध २०२२ च्या एका मोठ्या फेरतपासणीत ०.४२ आला. हे करायला महागडी चाचणी लागत नाही. प्रश्न आधी लिहून काढावे लागतात आणि अबोल उमेदवाराचं उत्तर पुरतं ऐकून घ्यावं लागतं.